मोंढ्याच्या पट्टीपासून जावा: अगदी नव्याने शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावा आणि जावास्क्रिप्ट एकच का?

नाही. नावापलीकडे नातं नाही. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग आणि सहकाऱ्यांनी १९९१ पासून घडवली. तिचं आधीचं नाव ओक. १९९५ मध्ये ती जाहीर झाली, १९९६ च्या जानेवारीत पहिली आवृत्ती आली आणि २०१० पासून ती ओरॅकलकडे आहे. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरसाठी नेटस्केपमध्ये १९९५ मध्येच तयार झालेली वेगळी भाषा आहे. पुस्तक विकत घेताना मुखपृष्ठ नीट वाचा. नावाचा पहिला अर्धा भाग बघून चुकीचं पुस्तक घरी आणणारे दरवर्षी असतात.

मराठी माध्यम, गणित बेताचं. जमेल का?

जमेल. सुरुवातीला लागणारं गणित सातवीपर्यंतचं आहे: बेरीज-वजाबाकी, भागाकार आणि बाकी, लहान-मोठं, शेकडेवारी. इंग्रजीही फार नको. जावाचे स्वतःचे राखीव शब्द पन्नासच्या आसपास आहेत आणि पहिल्या दोन महिन्यांत त्यातले वीस-पंचवीसच वापरात येतात.

खरी अडचण दुसरीकडे आहे. आपल्याकडे दहावी-बारावीला पाठांतरावर मार्क काढायची सवय लागते आणि लातूर पॅटर्नच्या सराव परीक्षांनी ती पक्की होते. प्रोग्राम पाठ केला तर प्रॅक्टिकलला एक सेमिकोलन (;) सुटतो आणि पुढे हात चालत नाही, कारण चूक कशी शोधायची हे कधी केलेलंच नसतं. जावात निम्मं शिकणं म्हणजे मशीनने दाखवलेली चूक वाचणं. या पानावर चुकांनाच जास्त जागा दिली आहे ती त्यामुळेच.

या पानावर कोड देवनागरीत का आहे?

वर्गात जसा बोलतात तसा उच्चार लिहिला आहे. टाइप करताना तो इंग्रजी अक्षरांतच करायचा, आकडेही इंग्रजीच. लहान-मोठ्या अक्षरांचा नियम एवढा लक्षात ठेवा: पब्लिक, क्लास, स्टॅटिक, व्हॉइड, इंट, डबल, इफ, फॉर हे जावाचे स्वतःचे शब्द, ते पूर्ण लहान अक्षरांत. स्ट्रिंग, सिस्टिम, स्कॅनर, इंटीजर ही क्लासची नावं, त्यांचं पहिलं अक्षर मोठं. मेन आणि प्रिंटएलएन या मेथड (नाव देऊन बांधलेली कामं), त्या लहान. प्रिंटएलएनच्या शेवटी एल आणि एन आहेत. तिथे मोठा आय टाइप करणारे खूप, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे ती चूक डोळ्यांना सापडत नाही.

लॅपटॉप कसा लागतो? माझ्याकडे फक्त मोबाइल आहे.

जुना, ४ जीबी रॅमचा लॅपटॉपही पहिल्या तीन-चार महिन्यांना पुरतो, मात्र त्यावर जड सॉफ्टवेअर टाकू नका. ८ जीबी असेल तर कसलीच काळजी नाही.

फक्त मोबाइल असेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप एफ-ड्रॉइड या ॲपच्या साइटवरून घ्या आणि त्यात पीकेजी इन्स्टॉल ओपनजेडीके-१७ अशी आज्ञा द्या. थोडी जागा आणि बऱ्यापैकी डेटा लागतो, तेव्हा वायफाय मिळेल तिथे हे काम उरका. ऑनलाइन कंपायलरही चालतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी क्लासचं नाव मेनच ठेवावं लागतं, नाहीतर प्रोग्राम बरोबर असूनही चालत नाही. मोबाइलवर महिनाभर निभतं, पुढे कंसांच्या जोड्या सांभाळताना जीव जातो. कॉलेजची लॅब रिकामी असते ते तास हेरून ठेवा.

जेडीके, जेआरई, जेव्हीएम म्हणजे काय?

जेव्हीएम हे इंजिन, तयार प्रोग्राम चालवणारं. जेआरई म्हणजे ते इंजिन आणि सोबतचं तयार सामान. जेडीके म्हणजे हे सगळं, शिवाय प्रोग्राम तयार करायची हत्यारं. तुम्हाला जेडीके हवं.

तुम्ही लिहिलेली फाइल जावासी हा कंपायलर तपासतो आणि तिची डॉट क्लास फाइल बनवतो. तिच्यात बाइटकोड असतो, तो कुठल्याही एका प्रोसेसरचा नसतो. विंडोजवर बनवलेली तीच फाइल लिनक्सवरचं जेव्हीएमही चालवतं. तोंडी परीक्षेत ‘जावा प्लॅटफॉर्म इंडिपेंडंट कशी?’ हा प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर एवढंच. मात्र जेव्हीएम स्वतः प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळं असतं, हे वाक्य जोडायला विसरू नका.

कोणती आवृत्ती घ्यावी?

२१ किंवा २५. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या मोजक्याच: ८ (२०१४), ११ (२०१८), १७ (२०२१), २१ (२०२३), २५ (२०२५). कॉलेजच्या लॅबमध्ये ८ असेल तरी बिघडत नाही, पहिल्या सेमिस्टरचा बहुतेक कोड दोन्हीकडे चालतो. उलट प्रवास मात्र होत नाही. घरी २१ वर कंपाइल केलेली डॉट क्लास फाइल पेनड्राइव्हवर नेऊन लॅबच्या ८ वर चालवली, की ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ असा एरर येतो आणि त्यात ६५ आणि ५२ असे आकडे दिसतात. ६५ म्हणजे जावा २१, ५२ म्हणजे जावा ८. उपाय सोपा आहे: डॉट जावा फाइल न्या आणि तिथे पुन्हा कंपाइल करा.

विंडोजवर इन्स्टॉल कसं करायचं?

ॲडॉप्टियमच्या साइटवरून टेमुरिन जेडीकेची एमएसआय फाइल घ्या. ती फुकट आहे. ओरॅकलची जेडीकेही शिकण्यासाठी फुकटच मिळते, पण टेमुरिनमध्ये परवान्याचा विचार करावा लागत नाही. इन्स्टॉल करताना एका पडद्यावर पर्यायांची यादी येते. त्यात पाथमध्ये (विंडोज आज्ञा जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) जोडण्याचा पर्याय आधीच चालू असतो, तो तसाच ठेवा. जावा होम सेट करण्याच्या पर्यायावर लाल फुली असते, ती काढून तो चालू करा. आज त्याची गरज भासणार नाही, पण पुढे मोठे प्रोजेक्ट बांधायचं मेव्हन हे हत्यार वापरायला लागाल तेव्हा लागेल.

मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, नव्याने उघडा. आधीपासून उघडी असलेली खिडकी चालत नाही, तिला नवा पाथ माहीत नसतो. निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं आणि ते तीन-तीनदा इन्स्टॉल करत बसतात. खिडकीत ‘जावासी -व्हर्जन’ टाइप करा. आवृत्तीचा आकडा आला की झालं.

‘जावा -व्हर्जन’ला उत्तर मिळतं पण जावासीला ‘ओळखत नाही’ असं येतं, किंवा दोघांचे आकडे वेगळे येतात? मशीनमध्ये कोणीतरी पूर्वी टाकलेलं जुनं जेआरई बसलेलं आहे आणि पाथमध्ये त्याचा नंबर आधी लागतो. ‘व्हेअर जावा’ ही आज्ञा द्या, सगळे पत्ते क्रमाने दिसतील. जुनं काढून टाका.

पहिला प्रोग्राम कोणता लिहू?

‘हॅलो वर्ल्ड’ एकदा करा आणि सोडून द्या. त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल घातल्यावर आडत्याच्या दुकानातून मिळते ती हिशोबाची पट्टी घ्या. वजन, भाव, एकूण, हमाली-तोलाई वजा, हातात किती. घरात एखादी जुनी पट्टी सापडेलच, आणि उत्तर बरोबर की चूक हे वडील एका नजरेत सांगतील.

पब्लिक क्लास पट्टी {
  पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन(स्ट्रिंग[] आर्ग्ज) {
    इंट किलो = १२६०;
    इंट भाव = ४३५०;
    इंट रक्कम = किलो / १०० * भाव;
    सिस्टिम.आउट.प्रिंटएलएन(रक्कम);
  }
}

नोटपॅडमध्ये लिहा. सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर फाइलचं नाव पट्टी.जावा.टीएक्सटी होतं आणि शेवटचं टीएक्सटी दिसतही नाही, कारण विंडोज ते लपवतं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइल एक्स्टेन्शन दिसतील अशी सोय आजच करून ठेवा. फाइलचं नाव आणि पब्लिक क्लासचं नाव अक्षराला अक्षर एकच हवं, लहान-मोठ्या अक्षरांसह.

आता त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. त्यासाठी एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी लिहून एंटर दाबलं तरी चालतं. आधी ‘जावासी पट्टी.जावा’, मग ‘जावा पट्टी’. दुसऱ्या आज्ञेत डॉट क्लास जोडायचं नाही. जोडलं तर ‘मेन क्लास सापडत नाही’ असं उत्तर मिळतं. जावा ११ पासून ‘जावा पट्टी.जावा’ अशा एकाच आज्ञेतही काम होतं. तरी पहिले पंधरा दिवस दोन पायऱ्या वेगळ्या करा, म्हणजे चूक लिहिण्यातली आहे की चालवण्यातली ते समजतं.

उत्तर ५२२०० आलं. पट्टीवर तर ५४८१० आहे!

पट्टी बरोबर आहे. १२ क्विंटल ६० किलो, क्विंटलला भाव ४३५०, म्हणजे ५४८१०. प्रोग्रामने ६० किलो खाल्ले. १२६० ला १०० ने भागताना दोन्ही आकडे इंट (पूर्णांक) आहेत, आणि इंटला इंटने भागलं की जावा दशांश टाकून देते. उत्तर साडेबारा-बिडाबारा काही नाही, सरळ १२. मग १२ गुणिले ४३५०, झाले ५२२००. शेतकऱ्याचे २६१० रुपये गेले आणि एररही आला नाही. कंपायलरला न सापडणाऱ्या चुका अशा असतात.

दहावीचे मार्क काढताना ४३३ / ५०० * १०० चं उत्तर ‘झिरो काहून येतंय’ म्हणून विचारतात, त्यामागे हेच कारण. ४३३ भागिले ५०० चं पूर्णांकात उत्तर शून्य, त्याला कितीनेही गुणा.

दोन उपाय आहेत. आधी गुणा, मग भागा: किलो * भाव / १००. किंवा १०० ऐवजी १००.० लिहा. एक बाजू डबल (दशांश आकडा) झाली की भागाकार दशांशात होतो. दुसऱ्या उपायात रक्कमही डबल ठेवावी लागते, नाहीतर ‘पॉसिबल लॉसी कन्व्हर्जन’ म्हणून कंपायलर अडवतो. इथे तो तुमचं नुकसान वाचवतोय, त्याला शिव्या देऊ नका.

आता पहिल्याच उपायात किलो = ५००००० टाका. एका शेतकऱ्याचा नाही, अख्ख्या मोंढ्याची दिवसाची आवक समजा. उत्तर २ कोटी १७ लाख ५० हजार यायला हवं. येतं उणे २११९९६७२. इंट ३२ बिटांचा असतो, त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ म्हणजे २१४ कोटींच्या थोडं वर एवढंच मावतं. मधला गुणाकार २१७ कोटी ५० लाखांचा झाला, मीटरचा काटा पलटी खाऊन उण्यात गेला, मग त्याला १०० ने भागलं. इंटच्या जागी लाँग (मोठा पूर्णांक) वापरा. पण फक्त रक्कम लाँग करून भागत नाही. गुणाकारातला निदान एक आकडा लाँग हवा, कारण गुणाकार आधी होतो आणि रक्कमेत नंतर भरला जातो.

मोबाइल नंबर कशात साठवू?

स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकूर म्हणून. दहा आकडी नंबर ९ ने सुरू होत असेल तर इंटमध्ये मावतच नाही, कंपायलर ‘इंटीजर टू लार्ज’ म्हणतो. आणि ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधी करणार नाही, तो आकडा नाहीच. पिनकोड, आधार क्रमांक, गट नंबर, सगळ्यांना हाच नियम.

पैशांसाठी डबल चालेल का?

सरावाला चालेल, खऱ्या हिशोबाला नाही. ०.१ + ०.२ छापून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं. दोनने भागून-भागून बनणारे अपूर्णांकच डबलला अचूक ठेवता येतात. पैसे लाँगमध्ये पैशांत ठेवा (५४८१० रुपये म्हणजे ५४८१००० पैसे), किंवा बिगडेसिमल नावाचा क्लास शिका.

एरर वीस आले. सुरुवात कुठून करू?

सगळ्यात वरच्यापासून. तो एक दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. बऱ्याचदा बाकीचे एकोणीस त्याचीच पिल्लं असतात. प्रत्येक एररमध्ये फाइलचं नाव, मग ओळीचा आकडा, मग कारण असतं, आणि खाली टोपीसारखं चिन्ह जागा दाखवतं. नेहमी भेटणारे हे:

‘सेमिकोलन एक्स्पेक्टेड’: दाखवलेल्या ओळीवर काही दिसलं नाही तर तिच्या आधीच्या ओळीचं शेपूट बघा.

‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’: स्पेलिंग चुकलं, किंवा लहान-मोठं अक्षर, किंवा व्हेरिएबल (किलो, भाव असं नाव दिलेली साठवणीची जागा) ज्या महिरपी कंसात जन्मलं त्याच्या बाहेर वापरलं. खाली ‘सिम्बॉल’ म्हणून नेमका शब्द छापलेला असतो, तेवढाच तपासा.

‘रीच्ड एंड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग’: बंद होणारा महिरपी कंस कमी आहे. उघडता क्षणी बंद कंस टाकायचा आणि मग आत लिहायचं, ही सवय लावली तर हा एरर आयुष्यात चार-दोनदाच दिसेल.

‘इल्लीगल कॅरेक्टर’: व्हॉट्सॲप किंवा पीडीएफमधून कोड चिकटवला आहे. तिथली अवतरणचिन्हं वाकडी असतात, जावाला सरळ लागतात. नोट्स पाठवणाऱ्या मित्राला दोष देऊ नका, स्वतः टाइप करा.

पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन हे सगळं का लिहायचं?

जेव्हीएमला सुरुवातीचं दार दिसावं म्हणून. पब्लिक म्हणजे बाहेरून हाक मारता येते, स्टॅटिक म्हणजे वस्तू न बनवताही, व्हॉइड म्हणजे परत काही देत नाही. जावा २५ मध्ये नुसतं व्हॉइड मेन लिहूनही चालतं, क्लासही लिहावा लागत नाही. पण विद्यापीठाच्या आणि तंत्रशिक्षणाच्या पेपरात जुनंच रूप चालतं, तेव्हा हात त्यालाच बसवा.

स्कॅनर नाव विचारतच नाही, पुढे पळतो.

स्कॅनर म्हणजे कीबोर्डवर टाइप केलेलं वाचणारा क्लास. आधी नेक्स्टइंटने वजन घेतलंत आणि मग नेक्स्टलाइनने नाव, बरोबर? तुम्ही १२६० टाइप करून एंटर दाबलात. नेक्स्टइंटने फक्त आकडा उचलला, एंटर तिथेच राहिला. नेक्स्टलाइनला तो उरलेला एंटर दिसला, ‘ओळ संपली’ समजून तिने रिकामं नाव घेतलं.

सगळीकडे नेक्स्टलाइनच वापरा आणि आकडा हवा तिथे इंटीजर.पार्सइंट लावा. पार्सइंटला १२६० च्या पुढेमागे मोकळी जागाही खपत नाही, ‘नंबर फॉरमॅट एक्सेप्शन’ फेकतं. म्हणून आधी ट्रिम लावून घ्या.

दोन नावं सारखी असूनही डबल इक्वल टू ‘नाही’ म्हणतं.

स्ट्रिंग ताडून बघायला इक्वल्स वापरा. डबल इक्वल टू मजकूर बघत नाही, दोन्ही नावं मेमरीत एकाच जागी आहेत का ते बघतं. गोंधळ यामुळे होतो, की कोडमध्येच अवतरणचिन्हांत लिहिलेला सारखा मजकूर जावा एकाच जागी ठेवते, त्यामुळे वर्गातलं उदाहरण बरोबर चालतं. घरी स्कॅनरने नाव घेतलं की बिनसतं.

जावात मराठी चालतं का?

चांगलं चालतं. व्हेरिएबलचं नाव ‘वजन’ किंवा ‘भाव’ देवनागरीत ठेवलं तरी प्रोग्राम कंपाइल होतो. क्लासचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवा, कारण तेच फाइलचं नाव होतं आणि पेनड्राइव्हवरून इकडेतिकडे जाताना, झिप करताना त्याचा कचरा होऊ शकतो.

एक गंमत करून बघा. इंटीजर.पार्सइंटला देवनागरी आकड्यांत लिहिलेला १२६० द्या. तो मुकाट्याने समजून घेतो, कारण जावा युनिकोडमधले आकडे ओळखते. पण कोडमध्ये थेट इंट किलो म्हणून देवनागरी १२६० लिहिलं तर कंपायलर अडतो, तिथे इंग्रजी आकडेच लागतात.

दुसरी गंमत: ‘बीड’ची लेंग्थ विचारा. ३ येते. आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण साठवताना ब, दीर्घ वेलांटी आणि ड असे तीन तुकडे असतात. ‘हिंगोली’ ७, ‘नांदेड’ ६. म्हणून मराठी नाव दहा अक्षरांत कापायला जाल तर कधीतरी काना-मात्रा तुटून पडेल.

पडद्यावर मराठीऐवजी प्रश्नचिन्हं येतात तेव्हा दोन जागा तपासा. जावा १८ पासून कंपायलर फाइल यूटीएफ-८ समजून वाचतो, त्याआधीच्या आवृत्तीत जावासीला ‘-एन्कोडिंग यूटीएफ-८’ सांगावं लागतं. तरीही नाही जमलं तर दोष कमांड प्रॉम्प्टचा. चालवण्याआधी त्यात सीएचसीपी ६५००१ ही आज्ञा द्या, किंवा सरळ आयडीईच्या (कोड लिहायच्या-चालवायच्या तयार सॉफ्टवेअरच्या) खिडकीत आउटपुट बघा.

लूप आणि ॲरे: एक जास्त, एक कमी का होतं?

ॲरे म्हणजे एका नावाखाली क्रमाने ठेवलेली यादी, लूप म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा. मोजणी शून्यापासून असते. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा ॲरे करा: छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर, धाराशिव. पहिल्याचा क्रमांक ०, धाराशिवचा ७. लूपमध्ये ‘आय लेस दॅन ऑर इक्वल टू ८’ लिहिलं तर आठही नावं छापून झाल्यावर प्रोग्राम कोसळतो: ‘इंडेक्स ८ आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ८’. ८ हा आकडा हाताने लिहूच नका, ॲरेचं नाव डॉट लेंग्थ लिहा आणि ‘लेस दॅन’ ठेवा.

क्लास आणि ऑब्जेक्ट डोक्यात बसत नाहीत.

कुत्रा-प्राणी, कार-वाहन ही पुस्तकी उदाहरणं सोडा, पट्टीकडेच या. छापखान्यातून आलेला कोरा नमुना हा क्लास. त्यात रकाने ठरलेले: नाव, किलो, भाव. त्यावर भरलेली प्रत्येक पट्टी हा एक ऑब्जेक्ट. न्यू लिहिलं की एक नवी पट्टी फाडली.

रकाने प्रायव्हेट ठेवायचे, म्हणजे कोणीही येऊन किलोच्या जागी उणे ५० लिहू शकत नाही. वजन बदलायचं तर सेटकिलो या मेथडमधून, आणि ती आधी तपासते: शून्याहून कमी असेल तर नकार. पुस्तकात एनकॅप्सुलेशन म्हणतात ते हेच, काट्यावरच्या माणसाशिवाय वजनाच्या रकान्याला हात नाही. रक्कम हा रकाना ठेवूच नका. ती किलो आणि भावावरून निघते, तेव्हा मेथडने काढून द्या. साठवून ठेवली आणि नंतर भाव बदलला की दोघांत तफावत पडते.

दिवसभरात किती पट्ट्या फाडल्या हा आकडा कुठल्याच एका पट्टीचा नाही, अख्ख्या पट्टीबुकाचा आहे. तो स्टॅटिक.

आता नेहमीचा अपघात. न्यू पट्टी आणि चौकोनी कंसात ५० असं लिहिलं की ५० पट्ट्या मिळाल्या असं वाटतं. मिळतात ५० रिकाम्या खुंट्या, प्रत्येकीवर नल, म्हणजे काहीच नाही. पहिल्या खुंटीला सेटकिलो सांगितलं की ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’. लूप लावून प्रत्येक खुंटीवर न्यू पट्टी टांगावी लागते. जावा १५ पासून हा एरर नेमकं काय नल आहे ते सांगतो, म्हणून ओळ शेवटपर्यंत वाचा.

इनहेरिटन्स, इंटरफेस यांची घाई करू नका. ॲरेलिस्ट आणि हॅशमॅप आधी शिका, रोजच्या कामात तेच जास्त लागतात.

नोटपॅड की आयडीई?

दोन आठवडे नोटपॅड. लाइट गेली तर लिहिलेलं जाऊ शकतं, तेव्हा कंट्रोल-एस दाबत राहा. त्यानंतर कमी रॅमवर ब्लूजे, चांगल्या मशीनवर इंटेलिजे आयडिया. त्याचा फुकट भाग पुरतो. एक्लिप्स कॉलेजात असेल तर तेही ठीक. आधीच आयडीई घेतलं तर ते अर्धे शब्द स्वतःच पूर्ण करतं आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी कागदावर इम्पोर्टची ओळसुद्धा आठवत नाही.

किती दिवस लागतील?

रोज दीड तास हात कीबोर्डवर असतील तर साधारण तीन महिन्यांत पाया होतो. पहिला महिना व्हेरिएबल, इफ, लूप, मेथड. दुसरा ॲरे, स्ट्रिंग, क्लास-ऑब्जेक्ट. तिसरा एक्सेप्शन, ॲरेलिस्ट, हॅशमॅप, फाइलमध्ये लिहिणं-वाचणं. रविवारी सहा तास बसून आठवडाभर सुट्टी घेतली तर दर रविवारी मागचंच शिकावं लागतं. व्हिडिओ बघण्याचा वेळ या दीड तासात धरू नका.

फुकटात कुठे शिकता येईल?

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये छोटे धडे आहेत. ते ऐकत-ऐकत सोबत टाइप करायचं अशीच त्यांची रचना आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरचा जावाचा कोर्स आहे, तो बघायला पैसे लागत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. अभ्यासक्रमात जावा असलेल्यांनी हा जरूर बघावा.

पैसे भरून क्लास लावू का?

फी विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. प्रत्येकाला स्वतंत्र मशीन मिळतं का, आणि तासातला किती वेळ विद्यार्थी टाइप करतात. एक दिवस मागे बसून बघू द्या म्हणा. फळ्यावरचा कोड वहीत उतरवून घेणारा क्लास असेल तर निघून या. नोकरीची हमी लिहून देतो म्हणणाऱ्याकडे ती खरोखर लिहून मागा, बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

एआयला विचारलं तर चालेल का?

एररचा अर्थ विचारा, कोड मागू नका. ‘ही ओळ का चुकली, उत्तर न देता समजाव’ असं विचारलं की फायदा होतो. आणि दिलेलं उत्तर चालवून बघितल्याशिवाय मानू नका. १२६० / १०० ची चूक त्याच्याकडूनही होऊ शकते, आणि मघाशी बघितलंच, तिथे कंपायलर गप्प बसतो.

जावा शिकून नोकरी मिळते का?

नुसत्या जावावर अवघड. सोबत एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं) आणि स्प्रिंग बूट (जावातून सर्व्हर बनवायचा साचा) लागतं, म्हणजे पायानंतरचे आणखी सहा-आठ महिने. बँका, विमा, मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर जावा भरपूर आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्यात कारखाने जास्त, सॉफ्टवेअरचं मोठं काम पुण्याकडे, तेव्हा मुलाखतीला तिकडे जायची तयारी ठेवा. अँड्रॉइड ॲपच करायचे असतील तर गूगलने २०१९ पासून कॉटलिन या भाषेला पहिली पसंती दिली आहे. जावा आलेल्याला ती फार परकी वाटत नाही.

मुलाखतीत दाखवायला ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ नेऊ नका, ते सगळ्यांकडे असतं. तुमची पट्टी न्या: पट्ट्या फाइलमध्ये साठवणारी, शेतकऱ्याच्या नावाने शोधणारी, दिवसाची बेरीज लाँगमध्ये ठेवणारी. समोरच्याने ‘इंट का नाही घेतला?’ विचारलं तर उणे २११९९६७२ चा किस्सा तयार आहेच.